सिडको, सातपूर, अंबड : आपल्या कामगार वसाहतींचा इतिहास लिहून ठेवूया

त्रिमूर्ती चौक

नाशिकवर कोणी लिहायला बसलं की काळाराम मंदिर, रामकुंड, सराफ बाजार, जुने वाडे आणि हल्ली द्राक्षं-वाइन एवढ्यावर लेख संपतो. ते सगळं आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आज या शहरातली केवढी तरी माणसं अशा भागात राहतात जिथे साठ वर्षांपूर्वी शेतं होती. उंटवाडी, मोरवाडी, कामटवाडे, अंबड, सातपूर ही मूळ गावं. मग 1962 मध्ये एमआयडीसी (कारखान्यांसाठी जागा तयार करणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली, सातपूरला कारखाने यायला लागले, पुढे अंबडला आले. 1970 मध्ये सिडको (नवी शहरं आणि घरं उभारणारी सरकारी कंपनी) स्थापन झाली आणि काही वर्षांत तिने इकडे 'नवीन नाशिक' वसवायला घेतलं. एकामागून एक घरांच्या सहा योजना झाल्या. 1982 मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एकत्र करून महापालिका झाली. झालं, छापील इतिहास इथे संपतो.

या घरांत राहायला कोण आलं, कुठून आलं, गाव का सोडलं, पहिली नोकरी कोणी लावून दिली, पहिला हप्ता कसा भरला, यातलं काहीच कुठे नोंदलेलं नाही. पहिल्या फळीतले कामगार आता सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या गल्लीतली मूळ सिडकोची घरं बोटावर मोजण्याइतकी उरली, बाकी सगळीकडे पाडून तीन मजले उभे राहिले. घरं पाडायलाच हवीत, कुटुंबं वाढली. पण माणसांजवळ जे आहे ते आत्ताच लिहून घेतलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत काही हाती लागणार नाही.

म्हणून हा धागा. आपलं, आईवडिलांचं, शेजाऱ्यांचं जे ठाऊक असेल ते लिहा. कंपनीबद्दल तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, अनुभव पुरेसा आहे.

सुरुवात मी करतो. वडील साक्री तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात आजोबांची बैलजोडी विकली गेली. वडील मॅट्रिक झालेले, गावातला एक जण सातपूरला हेल्पर होता, त्याच्या भरवशावर आले. नंतर वडिलांच्या मागे दोन काका, आत्याचे यजमान आणि गल्लीतली कितीतरी मुलं आली. आमच्या घरात पाहुणा नाही असा महिना मला आठवत नाही. पाहुणा म्हणजे नोकरी शोधायला आलेला.

---

अमळनेरी

फार चांगला विषय घेतलात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगावीशी वाटते. खान्देशातून आलेले सगळेच शेतकरी नव्हते. आमच्याकडे गिरणी होती. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खान्देश मिल, चाळीसगावची मिल. माझे आजोबा अमळनेरला साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि पुढे तिथल्या गिरणी कामगारांच्या चळवळीतही होते, त्यामुळे युनियन म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागलं नाही. गिरण्यांना घरघर लागली तेव्हा पुढच्या पिढीने नाशिकची वाट धरली.

सातपूरच्या कंपन्यांच्या गेटवर सत्तर-ऐंशीच्या दशकात जी शिस्तबद्ध युनियन दिसते, तिची मुळं थोडीफार आमच्या गिरण्यांतही आहेत असं माझं मत आहे. वडील सांगायचे, गेटसभेत कोण कसं बोलतो यावरून हा गिरणीवाल्याचा मुलगा की शेतातून आलेला ते कळायचं.

आणि रस्त्याचं बघा. धुळ्याहून आग्रा रोड धरला की मालेगाव, चांदवड, पिंपळगाव करत माणूस नाशकात येतो आणि द्वारका, मुंबई नाका ओलांडून थेट सिडकोच्या कडेनेच जातो. अंबडची एमआयडीसीही त्याच रस्त्याला टेकलेली. खान्देशी माणूस पंचवटीत किंवा कॉलेज रोडला न बसता सिडकोत का बसला, याचं निम्मं उत्तर त्या रस्त्यात आहे. उरलेलं निम्मं घराच्या किमतीत.

---

पवननगरची लेक

आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? मग मी लिहिते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आदल्या दिवशी रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे. त्या दिवशी आमच्या भागातले चक्कीवाले चक्की धुऊन-पुसून घेतात आणि आधी फक्त कानबाईचं दळण दळतात. बाकीचं दळण असेल तर बाजूला ठेवा, उद्या या. चक्कीवाला खान्देशी असो वा नसो, सिडकोत धंदा करायचा तर हे पाळावंच लागतं.

आता अडचण ऐका. रोट खायचे ते भाऊबंदकीने, बाहेरच्यांना देत नाहीत. म्हणजे सगळे भाऊ, चुलते, त्यांच्या बायका-मुलं एका घरी जमणार. गावाकडे वाडा असतो. सिडकोच्या घरात एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे न्हाणी आणि संडास. आई आणि काकू समोरच्या मोकळ्या जागेत विटा लावून चूल मांडायच्या. पुरणाचं वाटण घरात, रोट बाहेर, गंगाफळाची भाजी शेजारच्या काकूंच्या गॅसवर. चौरंग खोलीच्या एका कोपऱ्यात, नारळाची कानबाई, तिला नथ, डोळे, हिरवं लुगडं. रात्रभर गाणी अहिराणीत. सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत विसर्जन.

माझी शेजारीण कोकणातली. तिच्याकडे गणपतीला आम्ही सगळे असायचो, आणि कानबाईच्या रात्री ती आमच्याकडे भांडी घासायला बसायची. रोट तिला देता येत नाही म्हणून आई तिच्यासाठी वेगळ्या पुरणपोळ्या करायची, न चुकता.

आज सिडकोतल्या कानबाईच्या मिरवणुका बघायला लोक येतात, त्यांचे व्हिडिओ फिरतात, पुढारी स्वागताचे फलक लावतात. मला ते चांगलंच वाटतं. पण ज्या बायकांनी एका खोलीत हा सण उभा ठेवला, त्यांचं कोणी विचारत नाही. आई दुपारी शेवया-पापड करून विकायची, संध्याकाळी शिलाई. वडिलांच्या पगारात किराणा चालायचा, घराचा हप्ता आईच्या मशीनवर निघायचा. कंपनीच्या रजिस्टरात तिचं नाव नाही म्हणून ती कामगार नव्हती का?

---

अमळनेरी

@पवननगरची लेक, ताई, शेवटचा प्रश्न धाग्याच्या मथळ्यात घालावा असा आहे.

---

मूळ मोरवाडीकर

तुम्ही सगळे आलात त्याबद्दल आनंदच आहे. पण 'शेतं होती' असं एका वाक्यात म्हणून पुढे जाता तेव्हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना लागतं. शेतं कोणाची तरी होती.

मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. काही सिडकोला, काही एमआयडीसीला. त्या वेळच्या दराने पैसे मिळाले. ते पैसे हातात आले तेव्हा काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. कोणी लग्नं लावली, कोणी गाडी घेतली, शहाण्यांनी लांब जमीन घेतली. आमच्या एका चुलत्याने स्वतःच्या जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या कंपनीत वॉचमन म्हणून नोकरी केली. रात्री हातात टॉर्च घेऊन फिरताना कुठे विहीर होती, कुठे बांध होता ते तो साथीदारांना सांगायचा.

गावपण मात्र पूर्ण गेलं नाही. उंटवाडीचा म्हसोबा आणि त्याच्यावरचा वड बघा. उड्डाणपुलासाठी तो वड जाणार अशी वेळ आली, तेव्हा झाडासाठी उभे राहिलेल्यांत मूळ गावकरी होते, तसे सिडकोतले बाहेरून आलेलेही होते. आज म्हसोबाला नारळ फोडणाऱ्यांत बागलाणचा, जळगावचा, बीडचा, बनारसचा असे सगळे सापडतील. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, आणि ती कोणी ठरवून केलेली नाही.

---

कळवणवाला

छोटी भर. खान्देशी म्हटलं की लोक जळगाव-धुळे-नंदुरबार म्हणतात. आम्ही कळवण, सटाणा, देवळा, मालेगावकडचे. आमच्याही घरात अहिराणीच्या वळणाची बोली आहे आणि जिल्हा तर नाशिकच. 1869 ला नाशिक जिल्हा वेगळा झाला तो खान्देश आणि नगर यांचे भाग जोडूनच. तेव्हा कृपया आम्हाला बाहेरचे धरू नका. नगर, बीड, जालन्याहून आलेलेही पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कोणी इथे असेल तर लिहा.

---

रातपाळी

मी निवृत्त आहे. सातपूरला टर्नर म्हणून लागलो, मशीन शॉपमध्येच आयुष्य गेलं. मुलाने हा धागा दाखवला. मोबाइलवर हळूहळू टाइप करतोय, सांभाळून घ्या.

सुरुवातीला सातपूर कॉलनीत 'आठ हजार वसाहत' नावाच्या भागात आम्ही चौघांनी एक खोली घेतली. चौघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे दोन अंथरुणं पुरायची. पहिल्या पाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी पडायचा. रविवारीच काय ती पंचाईत व्हायची, चौघेही घरात. मग दोघे सिनेमाला जायचे.

पाळी सुटायच्या वेळी रस्त्यावर सायकलीच सायकली. मायको सर्कलपासून उंटवाडीपर्यंत घंट्यांचा आवाज. डबा कॅरिअरला, टोपी खिशात. मायको, क्रॉम्प्टन, सिएट, पुढे महिंद्रा, या नावांवर मुलींची लग्नं ठरायची. 'मुलगा कुठे आहे' याचं उत्तर कंपनीच्या नावाने द्यायचं, आणि लगेच दुसरा प्रश्न 'परमनंट आहे का?'

परमनंट झालो त्या महिन्यात सिडकोचा अर्ज भरला. घराचा ताबा घ्यायला गेलो तर आत विजेची तार नुसती लोंबत होती, भिंतींना आतून गिलावा कच्चा, आणि दारासमोर गुडघाभर काळा चिखल. बायको उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, चिखल असो, आपला आहे.

आता जे कोणी लिहीत नाही ते लिहितो. पेन्शन.

नोव्हेंबर 1995 मध्ये ईपीएस-95 ही कामगारांची पेन्शन योजना आली. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के त्यात जातात, पण पूर्ण पगारावर नाही, मर्यादेपर्यंतच्याच पगारावर. ही मर्यादा आधी 5,000 होती, 2001 पासून 6,500, सप्टेंबर 2014 पासून 15,000. पेन्शन काढायची ती पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. आता माझ्या वयाच्या माणसाचा हिशेब करा. 2003 ला व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. 1995 नंतरची वर्षं झाली आठ. 6,500 गुणिले 8 भागिले 70, म्हणजे साडेसातशेच्या आत. 1995 आधीच्या सगळ्या नोकरीसाठी वर थोडीशी भर मिळते, ती तुटपुंजी. 2014 ला सरकारने किमान पेन्शन 1,000 केली. ज्या हातांनी या शहरात मोटारींचे, इंजिनांचे पार्ट बनवले त्यांचा महिन्याचा हिशेब हा असा आहे. ईपीएस-95 वाले 7,500 मागतात तेव्हा तरुण लोक विचारतात, तुम्हाला ग्रॅच्युइटी मिळाली होती ना? मिळाली. ती वरच्या मजल्यात गेली, आणि त्या मजल्याचं भाडं येतं म्हणून आज औषधं येतात. सिडकोत घरावर घर का चढलं याचं कारण हे आहे. पेन्शन नव्हती म्हणून मजले चढले.

---

कागदपत्रं

@रातपाळी, काका, नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मजल्यांवरून आठवलं म्हणून माहितीसाठी : सिडकोची घरं मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली, जमिनीची मालकी सिडकोकडेच ठेवलेली. म्हणून विकताना, वारसाची नोंद करताना, कर्जासाठी सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क लागायचं. घरमालक पिढ्यानपिढ्या हप्ते फेडून बसलेत आणि तरी जमीन आपली नाही, ही इथली जुनी सल आहे. 2022 मध्ये सिडकोचं नाशिकचं कार्यालय बंद करायचा निर्णय निघाला तेव्हा लोक एवढे का खवळले हे बाहेरच्यांना कळलं नव्हतं. साध्या दाखल्यासाठी संभाजीनगर गाठायचं?

दुसरं, तांत्रिक. पहिल्या योजनांतली बरीचशी घरं भिंतींवर भार घेणारी, दोन घरांत एक भिंत सामाईक. त्यावर आरसीसी कॉलम न काढता मजले चढवले की शेजारच्या घराला तडे जातात. शेजाऱ्याशी बोलून, अभियंत्याला दाखवून मगच काम काढा. सिडकोतली निम्मी भांडणं या एका भिंतीची आहेत.

---

देवळाली कॅम्प

धागा सिडकोचा आहे, पण नाशकात कामासाठी किंवा आसऱ्यासाठी येणं त्याच्या आधीपासूनचं आहे एवढंच नोंदवतो. नाशिकरोडला 1925 ला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, 1928 पासून नोटा छापायला लागल्या, तिथे नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची एक छावणी आमच्या देवळालीत होती. माझी आजी त्यात होती. लष्कराच्या बराकीत मधे साडी बांधून दोन कुटुंबं राहिली. त्यावर वेगळा धागा काढेन.

---

त्रिमूर्ती चौक

नक्की काढा. वाट बघतोय.

---

भाडेकरू, चुंचाळे

सगळं वाचलं. मला एक सांगायचंय, राग मानू नका.

तुम्ही ज्याला पहिली पिढी म्हणता ती अजून येतेच आहे. मी परभणी जिल्ह्यातला. अंबडला कंत्राटदाराकडे आहे, चुंचाळ्याला खोलीत तिघे राहतो. दोघे मराठवाड्यातले, एक गोरखपूरचा. रातपाळी काकांनी लिहिलेलं अंथरुणांचं गणित आमच्याकडे आजही तेच आहे.

फरक कुठे आहे सांगतो. काका परमनंट झाले म्हणून त्यांना घर मिळालं. आम्हाला काही महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने घेतात, म्हणजे नोकरी सलग दिसत नाही. पगारातून ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) 0.75 टक्के कापले जातात. मागच्या कंत्राटदाराने कापलेले पैसे भरलेच नव्हते, हे मला सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात केसपेपर काढताना कळलं. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे त्या सगळ्यांना हा विमा लागू असतो आणि मालकाने वर 3.25 टक्के भरायचे असतात, हे त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी मला समजावून सांगितलं. तेव्हापासून मी दर महिन्याला मोबाइलवर बघतो, जमा झाले की नाही. तुम्हीही बघा.

मी घर घेईन असं मला वाटत नाही. सिडकोसारखी योजना आता कोणी आणणार नाही का?

---

श्रमिकनगर

@भाडेकरू, चुंचाळे, भाऊ, राग कशाला. हेच लिहायला हवं होतं.

मी तुझ्या खोलीतल्या तिसऱ्याबद्दल लिहितो. श्रमिकनगर, अशोकनगर, अंबड लिंक रोड या पट्ट्यात उत्तर भारतीय कामगार खूप आहेत. फेब्रुवारी 2008 मध्ये त्यांना मारहाण झाली, हजारो लोक नाशिकरोडला गाड्या पकडून निघून गेले. माझा भाऊ अंबडला एका लहान युनिटमध्ये सुपरवायझर होता. फौंड्री, पॉलिशिंग, पावडर कोटिंग, जिथे धूर आणि उष्णता जास्त तिथली माणसं गेली आणि मशीनं बंद पडली. आमच्या गल्लीत एक बिहारी कुटुंब होतं. बाईने कुलपाची किल्ली आईकडे दिली आणि म्हणाली, तुळशीला पाणी घाला. महिन्याने परत आले. आजही तिथेच आहेत, मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली.

2017 च्या जानेवारीत अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठवला. अतिक्रमण होतं, रहदारीला त्रास होता, हे खरंच. पण एमआयडीसीतून निघणारं भंगार, पुठ्ठा, प्लास्टिक, ड्रम वेगळं करणारे हजारो हात तिथे होते. कारखान्यांच्या इतिहासात तेही यायला हवेत.

आणि 2020 चा मे महिना. मुंबईकडून आग्रा रोडने माणसं चालत येत होती. विल्होळी, पाथर्डी फाटा, गरवारे पॉइंट, रात्रंदिवस रांग. सिडकोतल्या घराघरांतून पोळ्या गोळा झाल्या. पवननगर, उत्तमनगर, शिवाजी चौक, कुठून कुठून डबे आले. त्या वेळी एका आजींनी मला पोळ्यांची चळत देताना म्हटलं, आम्ही बी असंच गाव सोडून आलतो, फक्त उलट्या दिशेने.

---

पवननगरची लेक

@भाडेकरू, चुंचाळे, कंत्राटदाराने न भरलेल्या पैशांची लेखी तक्रार ईएसआयच्या कार्यालयात देता येते. पगारपत्रकाच्या झेरॉक्स ठेवा, हजेरीचा फोटो ठेवा. सोबत कोणी हवं असेल तर सांगा, माझा भाऊ युनियनचं काम करतो, तो येईल.

---

भाडेकरू, चुंचाळे

ताई, मेसेज करतो. पगारपत्रक कधी दिलंच नाही, पण बँकेत जमा झाल्याची नोंद आहे.

---

पवननगरची लेक

ती चालेल. पासबुक भरून घ्या आणि घेऊन या.

---

त्रिमूर्ती चौक

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पुढे काय करायचं ते ठरवूया.

माझ्या मते आधी आवाज रेकॉर्ड करावेत. लिहायला सांगितलं की आपली माणसं 'आमचं काय एवढं' म्हणून टाळतात, पण चहा घेत बोलायला बसली की थांबत नाहीत. प्रत्येकाला विचारायचं : गाव कोणतं, कोणत्या वर्षी आलात, कोणाच्या ओळखीने, पहिली खोली कुठे, पहिला पगार किती, घरातल्या बाईने कोणतं काम केलं. मूळ गावकऱ्यांना विचारायचं की जमीन कोणत्या सालात गेली आणि पैशाचं काय झालं. चुंचाळे, दत्तनगर, अंबड लिंक रोडवर आज राहणाऱ्यांनाही हेच प्रश्न, कारण त्यांचं आजचं बोलणं वीस वर्षांनी कोणीतरी शोधत येईल. जुन्या वस्तू असतील तर फोटो काढा : गेटपास, हजेरी कार्ड, सिडकोचं वाटपपत्र, हप्त्याच्या पावत्या, युनियनची पत्रकं.

@मूळ मोरवाडीकर, वॉचमन असलेले तुमचे चुलते बोलतील का?

---

मूळ मोरवाडीकर

बोलतील. ऐकू कमी येतं, मोठ्याने विचारावं लागेल. जमलं तर त्यांना गाडीत घालून एमआयडीसीत फिरवू, जागेवर उभं राहून ते जास्त सांगतात.

---

रातपाळी

माझ्याकडे संपाच्या वेळची पत्रकं आहेत, ट्रंकेत. बाकी आमच्या खात्यातले अजून सहा-सात जण संध्याकाळी बागेत भेटतात, त्यांनाही विचारतो. ज्याला यायचं त्याने पुढच्या आठवड्यात सकाळी यावं. या आठवड्यात नको, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी आल्यात, घरात बसायला जागा नाही.